अनोळखी जोडीची हंडी

रंजीताचा निळा चेंडू रॅकवर नव्हता. तो दोन पावलं पलीकडे, एका उंच, सावळ्या माणसाच्या हातात होता — आणि त्या माणसाचा अंगठा चेंडूच्या भोकात अडकून बसला होता.

"तो माझा चेंडू आहे," रंजीता म्हणाली.

"घ्या नं मग," तो अगदी शांतपणे म्हणाला. "मी कुठी नाई म्हणून राह्यलो? फक्त अंगठ्यासंगं घ्यावा लागीन. निघूनच नाई राह्यला."

बाहेर भाद्रपदातला पाऊस चंद्रपूरच्या मूल रोडवरच्या पत्र्यांवर वाजत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या विनोदभाऊंच्या बोलिंग सेंटरमध्ये सहा लेन होत्या, आणि सहाही लेनवर सरावाची गडबड होती. स्पर्धा तासाभरात सुरू होणार होती. गेल्या दोन वर्षांची विजेती रंजीता एका चेंडूवाचून उभी होती. खरं तर तिला राग यायला हवा होता. पण त्या माणसाने चेंडू असा छातीशी धरला होता, जणू आजारी कोकरूच.

"थांबा. ओढू नका," ती म्हणाली. बेसिनजवळची साबणाची बाटली घेऊन आली. "हाड अडकत नाही, कातडी अडकते. ओढली की फुगते. हात सैल सोडा."

"डॉक्टर आहात का?"

"नाही. फिजिक्स."

"मी आहो डॉक्टर. बकऱ्यांचा."

तिने अंगठ्याच्या मुळाशी साबण सोडला, आपली दोन बोटं कडेने फिरवली. त्याचा हात गरम होता. उगाचच तिला वाटलं की आपण हे काम थोडं जास्तच सावकाश करतो आहोत…

"मग बकरीचं डोकं मडक्यात अडकलं तर काय करता, डॉक्टर?"

"मडकं फोडतो."

दोघांनी एकाच वेळी त्या निळ्या चेंडूकडे पाहिलं. आणि दोघंही हसले. त्या हसण्याच्या हिसक्यातच अंगठा सुळकन बाहेर आला.

"भूपेश," तो अंगठा झटकत म्हणाला. "भामरागडचा. मनसारामभाऊकडे पाहुणा आहो तीन दिवस. त्यायनच ओढून आणलं इथी."

मनसारामभाऊ, म्हणजे कोळसा खाणीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, पोटावर पट्टा बांधून खेळणारे गृहस्थ, पलीकडच्या लेनवरून ओरडले, "काय गा भूपेश! आल्या आल्या चॅम्पियनचाच चेंडू धरला का?"

भूपेशने तिच्याकडे पाहिलं. "चॅम्पियन?"

"दोनदा," रंजीता म्हणाली. तिला खोटा विनय जमत नसे.

*

रंजीता राजुऱ्याची. एम.एस्सी. झाल्यावर चंद्रपूरच्या एका प्रयोगशाळेत हवेतली धूळ मोजायची. गोल कागद कोरा असताना तोलायचा, दिवसभर हवा ओढणाऱ्या यंत्रात ठेवायचा, संध्याकाळी पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे शहराने त्या दिवशी श्वासात घेतलेली धूळ. काम इतकं बारीक की तराजूजवळ कुणी शिंकलं तरी आकडा हलतो. अशा दिवसानंतर भरदार चेंडू हातात घ्यायचा, सोडायचा आणि दहा पिना धाडकन आडव्या झालेल्या बघायच्या, याच्याइतकं सुख नाही, असं ती म्हणे.

खेळातही तिची शिस्त तीच होती. मुख्य स्पर्धा खेळायची, करंडक घ्यायचा, घरी जायचं. बाजूच्या स्पर्धांत उतरायचं नाही. लक्ष फुटतं.

आणि विनोदभाऊंच्या स्पर्धेत खरी धमाल तर त्या बाजूच्या स्पर्धांचीच असायची! ज्याला वाटेल त्याने उतरावं, नको त्याने बघावं. पहिल्या वर्षी भाऊंनी पैशाचा गल्ला ठेवला होता. तेव्हा एका ओळखीच्या हवालदाराने चहा पिता पिता सांगितलं, "भाऊ, याले जुगार म्हनतात." तेव्हापासून पैसा बंद. त्याऐवजी बुटांच्या काउंटरवर एक मोठी मातीची हंडी आली. खेळणाऱ्याने आपल्या गावची एक वस्तू कागदात गुंडाळून तिच्यात टाकायची. कुणी काय टाकलं ते कुणी विचारायचं नाही. रविवारी जी जोडी जिंकेल, तिने सगळ्यांसमोर हंडीचं फडकं सोडायचं आणि आतलं सगळं वाटून घ्यायचं.

हंडीची अट एकच होती. जोडीदार आपण निवडायचा नाही. नावाच्या चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात पडत, आणि भाऊ दोन-दोन काढत. म्हणून तिचं नाव — अनोळखी जोडीची हंडी.

"तिसऱ्या जोडीत," भाऊ माइकवर म्हणाले, "पहिलं नाव — रंजीता!"

रंजीताने बुटाची नाडी अर्धवट सोडली. "मी नाव दिलेलंच नाही, भाऊ."

"मी दिलं," मागून साक्षी म्हणाली. साक्षी तिच्याच प्रयोगशाळेत कामाला, आणि तिच्याच खोलीत राहायला. "दरवर्षी करंडक घेऊन तोंड पाडून घरी येतेस. बघवत नाही बाई."

"तोंड कुठे पाडते?"

"दुसरं नाव," भाऊंनी चिठ्ठी उलगडली, "भूपेश, भामरागड!"

लेनच्या टोकाला भूपेशने साबणाने धुतलेला अंगठा वर करून दाखवला.

*

जोड्या ठरल्यावर भाऊंनी नियम वाचून दाखवले. दोघांचे गुण एकत्र धरायचे. कच्च्या खेळाडूला सरासरीप्रमाणे वाढीव गुण. बदली खेळाडू चालणार नाही.

"आणि जोडीदार गैरहजर असला तं," भाऊ म्हणाले, "त्याच्या नावावर त्याची सरासरी लिहायची, वजा दहा."

"वजा दहा काऊन?" भूपेशने विचारलं.

"न येन्याचा दंड!"

सगळे हसले. रंजीता मात्र आपल्या जेवणाच्या डब्याकडे बघत होती. हंडीत टाकायला तिने काही आणलंच नव्हतं. शेवटी डब्यातली जवसाच्या चटणीची बाटली तिने कागदात गुंडाळली. आईने राजुऱ्याहून धाडलेली, अजून न उघडलेली. भूपेशने पाठीवरच्या पिशवीतून एक पुडकं काढलं, न बघताच हंडीत सोडलं.

"काय आहे?" तिने विचारलं.

"विचारायचं नसते नं?"

"मला कुतूहल आहे."

"मग जिंका," तो म्हणाला.

शुक्रवारचा त्याचा खेळ बघून मात्र तिला जिंकण्याची आशा धरणं म्हणजे गणिताचा अपमान वाटला. चेंडू सोडण्याआधी तो जिभेने टक्-टक् असा आवाज काढायचा, आणि मग चेंडू असा काही हळू जायचा की पिनांपर्यंत पोचायच्या आत माणसाने चहा पिऊन यावं. दहातला एक चेंडू कडेच्या नालीत.

"तो टक्-टक् कशाला?" तिने विचारलं.

"सवय आहे. म्हैस अडली की असं करतो. चालू लागते."

"चेंडू म्हैस नाही."

"वजन तं तसंच आहे."

शनिवारी दुपारी तिने त्याला बाजूला घेतलं. लेनवर तेल कसं लावलेलं असतं, ते कुठे संपतं आणि तिथे चेंडू कसा वळतो, हे तिने त्याला जमिनीवर खडूने काढून दाखवलं. त्याने प्रश्न विचारले, आणि चांगले विचारले. तेल पावसाळ्यात दाट होतं का? ओल्या हवेत लाकूड फुगतं का? तिला आवडलं ते. बहुतेक मुलं ती समजावू लागली की तिच्याकडे बघत. हा खडूच्या रेघेकडे बघत होता. मग एकदाच… रेघेवरून नजर उचलून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि रेघ कुठवर आली होती तेच ती विसरली.

"पुढे?" त्याने विचारलं.

"पुढे… वळतो," ती म्हणाली.

"कोण?"

"चेंडू!"

त्या संध्याकाळी तो चांगला खेळला. टक्-टक् करायचाच, पण चेंडू आता वळायचा. रंजीता तर अशी खेळली की भाऊंनी माइकवर शिट्टी वाजवली. रात्रीच्या फलकावर त्यांची जोडी दुसरी होती, आणि पहिली साक्षी–मनसारामभाऊंची.

खाली सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांच्या, गाडीवर दोघं उभे होते. पाऊस थांबला होता, छपरावरून थेंब गळत होते. तो भामरागडबद्दल बोलत होता. तीन नद्या एकत्र येतात ते पाणी, जवळच्या गावातलं आपलं घर, घरी माडियात बोलणारी आणि त्याच्या मराठीला हसणारी बहीण. कोणत्या गावात किती बकऱ्या हे त्याला तोंडपाठ, पण स्वतःच्या फोनचा नंबर विचारला तर आठवावा लागे.

"पाठ करून काय करू?" तो म्हणाला. "तिकडे पावसात चार-चार दिवस टॉवर नसते. मले फोन लावनं म्हणजे विहिरीत हाक मारनं आहे."

"हाक परत येते ना विहिरीतून."

"येते," तो म्हणाला. "पण आपलीच."

रंजीताने वडीचा शेवटचा घास घेतला. मग हिशोबी आवाजात म्हणाली, "उद्या आपण जिंकलो तर हंडी दोघांनी मिळून उघडायची. वाटणी करायची. मला चारोळी आवडते, आधीच सांगून ठेवते. तुमच्याकडची असते ना चांगली?"

"चारोळी…" तो म्हणाला, आणि एकदम थबकला. पिशवी पुढे ओढून त्याने आत हात घातला, काहीतरी चाचपलं. चेहऱ्यावर एक चमत्कारिक भाव येऊन गेला.

"काय झालं?"

"काई नाई." त्याने पिशवीची चेन लावली. आणि का कोण जाणे, गालातल्या गालात हसला. "उद्या बघू."

*

रविवारी सकाळी तो आला तेव्हा बूट बदलायला बसलाच नाही. काउंटरला टेकून उभा राहिला. फोन हातात होता.

रंजीताने धुळीचे कागद वाचावेत तसा त्याचा चेहरा वाचला. "काय झालं?"

"काई नाई. खेळू."

"डॉक्टर."

त्याने श्वास सोडला. "गडचिरोलीले लशीची पेटी घ्यायची होती उद्या. दवाखान्यातून फोन होता. वर रात्रभर पाऊस पडून राह्यला. पर्लकोटा नदीचं पाणी पुलाले लागून राह्यलं. आत्ता निघालो तं संध्याकाळी पार होईन. नाई तं मी इकडे, लस इकडे, आणि बकऱ्या तिकडे." तो थांबला. "रोग आला की एका हप्त्यात कळप जाते. पण फायनल दुपारी आहे. मी तुले शब्द…"

तुले, म्हणाला तो. कालपर्यंत तुमाले होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

"जा," रंजीता म्हणाली.

"आणि हंडी?"

"तुझ्या नावावर सरासरी वजा दहा लिहितील. उरलेलं मी पाडते."

"एकटी?"

"दोनदा चॅम्पियन आहे," ती म्हणाली. "विसरला का?"

तो हसला. जिना उतरताना दोनदा मागे वळला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा रंजीताच आत निघून गेली. तिचं तोंड पडलंय हे साक्षीने पाहिलेलं चाललं असतं, त्याने नाही.

मग बुटांची नाडी बांधताना तिच्या ध्यानात आलं, की आयुष्यात पहिल्यांदाच तिला करंडकाची पर्वा नव्हती. हंडी हवी होती. जिंकलो तर हंडीत अर्धी वाटणी त्याची. म्हणजे पाणी उतरल्यावर त्याला यावं लागेल, किंवा हंडी घेऊन आपल्याला जावं लागेल. हरलो, तर तीन दिवसांची ओळख संपली. मुद्दाम बस धरून जंगलात जायचं, आणि विचारलं कशाला आली, तर काय सांगायचं? दिसावास असं वाटलं म्हणून? तेवढं धाडस तिच्याही अंगात नव्हतं. तिला कारण हवं होतं — तोलता येईल असं, वजनाचं कारण.

*

हंडीच्या अंतिम फेरीत साक्षी–मनसारामभाऊ शेजारच्या लेनवर होते. रंजीताच्या लेनवर दोन खुर्च्या होत्या, आणि एक रिकामी होती. पडद्यावर तिच्या नावाखाली 'भूपेश' लिहिलेलं होतं, पुढे त्याचा ठरलेला आकडा. तो वाढत नव्हता, कमी होत नव्हता. बिचारा नुसता उभा होता.

ती खेळली मात्र झकास. पहिल्या पाच डावांत तीन वेळा सगळ्याच्या सगळ्या पिना आडव्या. मागची सगळी मंडळी खेळ सोडून तिच्या लेनमागे जमली.

"पोट्टी एकटीनंच दोघायचं खेळून राह्यली बाप्पा!" कुणीतरी म्हणालं.

मनसारामभाऊ घाम पुसत साक्षीला म्हणाले, "माह्या घरचा पाहुणा आणि मलेच हरवते का?"

"पाहुणा गेला, भाऊ. ही हरवून राह्यली."

शेवटच्या डावात सगळं येऊन एका चेंडूवर थांबलं. पडद्यावरची बेरीज अगदी सरळ होती. दहाही पिना पडल्या तर जिंकली. नऊ पडल्या तर बरोबरी. भूपेश असता आणि नुसता आपल्या सरासरीइतका खेळला असता, तर ती केव्हाच जिंकलेली असती. पण त्या वजा दहाचा तिला राग आला नाही. तो दंड म्हणजे एका कळपाला वेळेवर पोचलेली लस होती. इतका स्वस्त दंड तिने आजवर पाहिला नव्हता.

तिने निळा चेंडू उचलला. लेनवरची रेघ धरली. आणि हात मागे नेताना तिच्या तोंडून आपोआप निघालं — टक्-टक्.

चेंडू सुरेख वळला. अगदी जिथे हवा तिथे जाऊन लागला. पिना उडाल्या, आपटल्या, घरंगळल्या… आणि धूळ बसावी तसं सगळं शांत झाल्यावर मागे दोन पिना तशाच उभ्या होत्या. दोन टोकांना, एकमेकींपासून लांब.

एका गुणाने हरली.

साक्षी धावत आली आणि तिच्या गळ्यातच पडली. "अगं, मी जिंकायला नको होतं का?"

"वेडी आहेस," रंजीता म्हणाली. आवाज नीट होता. डोळे फक्त पडद्यावर होते. तिथे तिच्या नावाखाली त्याचं नाव अजून उभं होतं, आणि भाऊ पडदा बंद करायला निघाले होते.

*

हंडी सोडायचा मान साक्षी आणि मनसारामभाऊंचा. सगळे काउंटरभोवती दाटले. फडकं सुटलं, आणि एकेक पुडकं बाहेर येऊ लागलं. नागभीडचा नवा तांदूळ. सिरोंच्याची लाल मिरची. मोहाचे लाडू. तळ्यातले सुकवलेले झिंगे निघाले आणि सगळे नाक धरून मागे सरले. जवसाची चटणी. रंजीता कोपऱ्यात बूट काढत होती. बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"हे का होय वो?" मनसारामभाऊंचा आवाज आला.

पुडक्यातून काउंटरवर पिवळे प्लास्टिकचे चपटे तुकडे सांडले होते. प्रत्येकावर लांबलचक आकडा. कुणालाच समजेना. कुणी म्हणालं कुलपाचे, कुणी म्हणालं खेळण्यातले.

रंजीता एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी उठून आली. तिने एक तुकडा हातात घेतला, उलटा केला, आणि आधी हसली, मग इतकी हसली की साक्षीला तिला धरावं लागलं.

"जनावरांच्या कानातले बिल्ले आहेत हे! बकऱ्यांचे! चारोळीचं पुडकं समजून टाकले त्याने…"

"म्हणजे चारोळी तिकडे गेली?" साक्षी म्हणाली.

"आणि बकऱ्या बिनबिल्ल्याच्या!" मनसारामभाऊंनी मांडीवर थाप मारली. "घे बाप्पा! मी का करू याचं? मी कानात घालू?"

विनोदभाऊंनी बिल्ले गोळा करून पुन्हा पुडक्यात बांधले. "सरकारी माल आहे. पोचवावा लागीन. कोन जानार तिकडे?"

सगळ्यांच्या नजरा रंजीताकडे वळल्या. साक्षीने जवसाच्या चटणीची बाटली उचलून पुडक्यावर ठेवली. "आमच्या वाटणीतलं हे पण ने," ती म्हणाली. "रिकाम्या हाताने जाऊ नये."

"मी कुठे म्हटलं मी जाते?" रंजीता म्हणाली. पण पुडकं तिच्या हातात होतं, आणि तिने ते तोलून पाहिलं. बऱ्यापैकी वजन होतं. कारणाला पुरेल इतकं.

*

रस्ता पुढच्या आठवड्यात मोकळा झाला. आलापल्लीला गाडी बदलून रंजीता भामरागडच्या बसमध्ये बसली. दोन्ही बाजूंनी साग पांढऱ्या तुऱ्यांनी फुलला होता, आणि ओल्या पानांचा वास खिडकीतून थेट मांडीवर येऊन बसत होता. पुलावर पाणी उतरलेलं होतं, पण कठड्यांत काटक्या आणि गवत अडकून राहिलं होतं. वाटेत तिने मनातल्या मनात बोलणं जुळवलं. 'इकडे आलेच होते.' छे, इकडे कशाला आली असती? 'विनोदभाऊंनी पाठवलं.' हे बरं होतं. अर्धं खरंही होतं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डॉक्टर? बकऱ्यायमंदी असन. त्या चिंचेकडे जा."

चिंचेखाली खरोखरच बकऱ्यांची जत्रा होती. मालक दोऱ्या धरून ओळीत उभे होते. भूपेश गुडघ्यावर बसून एका काळ्या बोकडाची मान काखेत धरून होता, सुई दातांत. त्याने वर पाहिलं. बोकड निसटला.

"जोहार," रंजीता म्हणाली.

त्याने सुई दातांतून काढली. मागे बोकडामागे दोन माणसं धावत होती, पण तो तिच्याचकडे बघत उभा राहिला.

"हंडी हरली," ती म्हणाली. "एका गुणाने."

"म्हणजे मी हरवली."

"तू नाही. दंड. आणि तो मी आनंदाने भरला." तिने पुडकं पुढे केलं. "हे सरकारी सामान हंडीत टाकलंस. विनोदभाऊंनी पाठवलंय. तुझं काम अडलं असेल."

त्याने पुडकं घेतलं. उघडलं नाही. नुसतं हातात फिरवलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच सांबारवडीच्या गाडीजवळचं, गालातलं हसू आलं.

"अडलं नाई," तो म्हणाला.

रंजीताने बकऱ्यांकडे पाहिलं. लस टोचून झालेल्या प्रत्येक बकरीच्या कानात पिवळा बिल्ला होता. चक्क, नवा.

"हे कुठले?"

"दुसरं पुडकं होतं. पेटीसंगं मिळालं."

"मग… तुला कधी समजलं, चुकीचं पुडकं टाकलंय ते?"

"तू चारोळी म्हटलं तवा. शनिवारी."

"शनिवारी? मग भाऊंना सांगून काढून का नाही घेतलंस?"

चिंचेच्या पानांतून साठलेलं पाणी टप टप पडत होतं. रांगेतल्या एका म्हातारीने माडियात काहीतरी विचारलं आणि सगळे फिदीफिदी हसले. भूपेशचे कान लाल झाले.

"हरलो तं काय करायचं, हा विचार मले बी होता," तो म्हणाला. "पुडकं तिकडे राह्यलं की मले परत यावं लागीन. म्हणून ठेवलं. पाणी उतरलं, आता दोन गावं झाली की निघनारच होतो. चंद्रपूरले… सामान आनाले."

"सामान आणायला?"

"नाई," भूपेश म्हणाला. "तुले पाहाले. सामान नुसतं सांगाले होतं."

रंजीताने श्वास घेतला. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं तिने तिथल्या तिथे टाकून दिली. त्यातलं एकही इतकं सरळ नव्हतं.

"मग मी जिंकले," ती म्हणाली.

"कसं काय?"

"मी आधी पोचले. तुला पाहायलाच. सामान नुसतं सांगायला होतं."

तो हसला — मोकळा, मोठ्याने — आणि दोन बकऱ्या दचकून दोरी ओढू लागल्या. पिशवीतून त्याने एक पुडकं काढलं. अर्धं रिकामं, तोंड दोऱ्याने घट्ट बांधलेलं. "अर्धी पोट्ट्यायनं खाल्ली. बिल्ले समजून त्यायनं उघडलं तं चारोळी! मंग ही अर्धी बांधून ठेवली. तुही वाटणी."

"हरल्यावर वाटणी नसते."

"आपल्या जोडीत असते."

तिने चारोळीचे चार दाणे तोंडात टाकले आणि बाही वर सरकवली. "दे, दोरी धरते. तो काळा बोकड अजून राहिलाय."

मग दुपारभर ती दोऱ्या धरून होती आणि तो सुया टोचत होता. मधेच एक म्हैस हटून बसली, तेव्हा टक्-टक् दोघांनी एकदमच केलं. संध्याकाळी हात धुताना तो म्हणाला, "पुढच्या वर्षी अंगठ्याले तेल लावून येईन. नाव देजो माहं डब्यात."

"डब्यात नाही द्यायचं," रंजीता म्हणाली.

"काऊन?"

"भाऊंनी चिठ्ठी काढली आणि तुझ्यासंगं दुसरीचं नाव निघालं तर?" तिने ओले हात त्याच्याच रुमालाला पुसले. "आपण आता अनोळखी राहिलो नाही. आपण हंडीत चारोळी टाकून बाहेर बसायचं, आणि हंडी सुटली की चारोळी कोणाकडे गेली ते बघायचं."